रावजींनी धुतलेली किडनी

"अजून हाय आत," रावजी म्हणाले.

प्रयोगशाळेतल्या अनिमेषने संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवलं. "तात्या, रीडिंग शून्य आलंय. साबण गेला सगळा."

"रीडिंग आसंल शून्य. ह्ये बगा की."

जारमधून बाहेर येणारं पाणी त्यांनी परीक्षानळीत घेतलं, तोंडाला अंगठा लावून तीनदा हलवलं आणि ट्यूबलाइटसमोर धरलं. वर फेसाची बारीक कड बसली होती. ती मोडायला सहा सेकंद लागले.

"निस्त्या पाण्याचा फेस हात थांबला की मोडतो. ह्यो बसतोय. अजून एक दिस धुवाय लागंल."

अनिमेष आतल्या खोलीत जाऊन डॉ. पूर्वींना विचारून आला. "मॅडम म्हणाल्या, तात्या सांगतील तसं."

रावजींनी रोलर पंपाचा वेग थोडा कमी केला, पंपावर तळहात ठेवून पाहिला आणि स्टूल ओढून बसले. समोरच्या जारमध्ये डुकराची किडनी लोंबत होती. आली तेव्हा ती जांभळट लाल होती, मुठीपेक्षा थोडी मोठी. सहा दिवस तिच्या नसांमधून साबणाचं पाणी फिरलं होतं आणि आता तिच्यात रंग म्हणून काही उरला नव्हता. ताडगोळ्यासारखी पांढुरकी, अर्धीमुर्धी आरपार. मागे हात धरला तर बोटं मोजता येत. नसांचं पांढरं झाड आत स्पष्ट दिसे, फांद्या बारीक होत होत शेवटी धुक्यासारख्या विरत. आकार पूर्ण होता. आत कोणी नव्हतं.

रावजी लासुर्ण्याचे, वय एकोणसाठ. त्यातली एकतीस वर्षं एका दूध डेअरीत गेली. काम एकच: टाक्या आणि पाइप न उघडता आतून धुणं. दूध गेलं की कोमट पाणी, मग कॉस्टिक सोडा, मग पाणी, मग ॲसिड, मग पुन्हा पाणी. पाइपच्या आत काय चाललंय ते दिसत नाही, पंपावर हात ठेवला की कळतं. दर तासाला रजिस्टरमध्ये दाब, तापमान, सही. एकतीस वर्षांत त्यांच्या पाळीत धुतलेल्या टाकीतलं दूध एकदाही नासलं नाही. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. दूध न नासल्याचा उल्लेख भाषणात कोणी केला नाही.

पूर्वींची प्रयोगशाळा बारामतीच्या एमआयडीसीत, एका बंद गोदामाच्या वरच्या मजल्यावर होती. त्या स्वतः बारामतीच्याच, वडील डॉक्टर, नऊ वर्षं परदेशात काम करून परतलेल्या. त्यांच्याकडे शिकलेली माणसं होती, पण सहा-सहा दिवस एकाच दाबाने, एकही बुडबुडा आत न जाऊ देता पाणी फिरवत ठेवणारा माणूस मिळत नव्हता. कोणीतरी रावजींचं नाव सुचवलं.

"काम काय हाय?" रावजींनी विचारलं होतं.

"धुणं," पूर्वी म्हणाल्या होत्या. "काय धुवायचं ते मात्र आधी बघून घ्या, आणि मग हो म्हणा."

डुकराच्या सगळ्या पेशी धुऊन काढायच्या, नुसता सांगाडा ठेवायचा आणि त्यात माणसाच्या पेशी सोडून वाढवायच्या. ज्याच्या पेशी, त्याचीच किडनी, म्हणजे शरीर तिला परकी म्हणणार नाही. निदान कल्पना तशी होती. माणसात बसवायला अजून दहा वर्षं लागतील, कदाचित पंधरा, हेही पूर्वींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मुद्दाम सांगितलं, कारण रावजींच्या बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत हे त्यांना कळलं होतं.

बनाबाई चौपन्न वर्षांच्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेआठ ते साडेबारा त्यांचं बारामतीत डायलिसिस असे. त्यासाठी डाव्या हातातल्या दोन नसा शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडल्या होत्या आणि तिथे कातडीखाली रात्रंदिवस थरथर चाले. रावजींनी पहिल्यांदा तिथे हात लावला तेव्हा ते म्हणाले होते, "बारका पंप बसवलाय की." लेक प्रगती पळसदेवला दिलेली. ती स्वतःची किडनी द्यायला तयार होती. "लेकराचं काढून घिऊन मी जगू व्हय?" एवढं म्हणून बनाबाईंनी तो विषय मिटवला. रावजींची साखर वाढलेली, त्यामुळे त्यांची घेता येत नव्हती.

या खेपेच्या प्रयोगाला पेशी हव्या होत्या त्या किडनीच्याच रुग्णाच्या. पूर्वींनी संकोचत विचारलं, आणि सव्वा वर्षापूर्वी बनाबाईंनी एक नळीभर रक्त दिलं, कागदावर सही केली. त्या रक्तापासून किडनीच्या पेशी तयार करण्यात एवढा काळ गेला. रक्त देणाऱ्याचं नाव पूर्वींखेरीज प्रयोगशाळेत कोणाला कळू नये असा नियम होता. जारवर के-११ एवढंच लिहिलेलं असे. पण ती नळी दवाखान्यातून मोटारसायकलवर रावजींनीच आणली होती. त्यांच्यापुरता तो नियम नव्हताच.

आणखी एक दिवस धुतल्यावर फेस बसायचा थांबला. सांगाड्यात पेशी सोडल्या तो बुधवार होता. तिथून अठ्ठावीस दिवस मोजायचे होते. अठ्ठाविसाव्या दिवशी पंप बंद करायचा, किडनी बाहेर काढायची, तिचे कागदासारखे काप करायचे आणि आत काय वाढलं ते पाहायचं. हे रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं.

चौथ्या दिवशी पांढऱ्यावर गुलाबी झाक आली, आधी कडांना, मग मध्ये. सातव्या दिवशी, मंगळवारी दुपारी सव्वादोनला, किडनीच्या खालच्या नळीतून एक थेंब पडला. अनिमेष ओरडला, पूर्वी धावत आल्या. भिमा म्हणून पिंपळीचा एक चाळिशीचा माणूस तिथे साफसफाईला होता, त्याने न विचारता पेढे आणले. रावजींनी वेळ पाहिली आणि रजिस्टरमध्ये नवा रकाना आखला. वर लिहिलं: थेंब. खाली लिहिलं: १.

शनिवारी त्यांनी बनाबाईंना आणलं. त्याच म्हणाल्या होत्या, बघायचंय. भिमाने त्यांना टोपी आणि निळा कोट दिला. गळ्यातली तुळशीची माळ त्यांनी कोटाच्या आत सारली आणि जारसमोर उभ्या राहिल्या.

"ह्ये?"

"व्हय."

"एवढंच?"

"एवढंच आसतं."

"आन् एवढ्यापायी मला आठवड्यातनं तीनदा टोचत्यात." त्या काचेजवळ वाकल्या. "डुकराचं घर, आन् आत मी."

"काकू, डुकराचं त्यात आता काही नाही," पूर्वी म्हणाल्या. "सगळं धुतलंय."

"कुणी?"

"मी," रावजी म्हणाले.

बनाबाईंनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी धुतलंय म्हंजी धुतलं आसंल. घरी पस्तीस वर्सांत एक ताट धुतलं न्हाय तुमी." भिमा हसला. अनिमेषही हसला. त्याच वेळी खालच्या नळीत थेंब पडला.

बनाबाई खाली वाकल्या. डायलिसिसवर असणाऱ्यांची लघवी कमी कमी होत जाते. त्यांची दोन वर्षांपूर्वी पूर्ण थांबली होती. घरात याबद्दल कोणी बोलत नसे. त्या नळीकडे पाहत राहिल्या. तळाशी बोटभर फिकट पाणी साचलं होतं, बाजूला आकड्यांच्या रेघा होत्या. आणखी एक थेंब पडला.

"ह्ये त्येच हाय का, बाई?" त्यांनी हळू विचारलं.

"हो, काकू. अगदी सुरुवातीचं, पण तेच."

"माझं?"

"तसं म्हणायला हरकत नाही."

बनाबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, टोपीच्या वरून. "मग ह्ये आसं उघड्यावर ठिवलंय? ही पोरं समदी बगत्यात, लिवून घेत्यात." त्या रावजींकडे वळल्या. "तुमाला तरी कळाय नगं? फडकं टाका त्येच्यावर."

कोणी हसलं नाही. पूर्वींनी कपाटातून शस्त्रक्रियेचं हिरवं कापड काढलं आणि नळीभोवती गुंडाळून चिमटा लावला. त्या दिवसापासून थेंब वाचायचे असले की रावजीच कापड उचलत. अनिमेष तेवढा वेळ दुसरीकडे पाहायचा. त्याला कोणी तसं सांगितलं नव्हतं.

दाब आणि तापमान संगणक लिहून ठेवत असे. थेंबांची नोंद मात्र फक्त रावजींच्या रजिस्टरमध्ये होती, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा, दर तासाला. सोमवारी दुपारी त्यांनी आठवड्याची बेरीज करायला मागची पानं उलटली आणि बोट एका ओळीवर थांबलं. बुधवारी नऊ ते साडेबारा: शून्य. शुक्रवारी नऊ ते साडेबारा: शून्य. आज, सोमवारी, नऊ ते साडेबारा: शून्य. इतर दिवशी त्याच वेळेत तासाला बारा, चौदा, अकरा.

त्या तिन्ही दिवशी त्याच वेळात बनाबाई डायलिसिसच्या खाटेवर होत्या. तिकडे मशीन त्यांचं रक्त धूत होतं आणि इकडे किडनी थांबली होती. काम दुसरं कोणी करतंय म्हटल्यावर थांबावं तशी.

त्यांनी रजिस्टर पूर्वींपुढे ठेवलं. पूर्वींनी आकडे दोनदा वाचले.

"तात्या, सोम-बुध-शुक्र सकाळी आपण आतलं खाद्य-द्रव बदलतो. नवीन द्रव गेलं की तिला सावरायला वेळ लागत असेल."

"चार तास?"

"लागू शकतात."

"मग उद्या बदलून बगा. मंगळवारी."

"चालू प्रयोगात वार बदलता येत नाही. पुढच्या वेळी बघू." रजिस्टर परत देताना त्यांनी विचारलं, "काकूंचं डायलिसिस कुठल्या वारी असतं?" रावजींनी सांगितलं. पूर्वींनी मान हलवली आणि ते कुठेही लिहून घेतलं नाही.

बुधवारी खंडेनवमी होती. मागच्या खेपेला बनाबाईंच्या पायात गोळे आले होते, म्हणून त्या म्हणाल्या होत्या, आज जवळ बसा. रावजींनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि आदल्या दिवशी पूजेची यादी भिमाला लिहून दिली. डेअरीत ते दरवर्षी हीच यादी लिहीत. एकतीस वर्षांत तिच्यात शब्दाचा फरक नव्हता. मशीनं पुसून घेणे. सर्व पंप बंद. कुंकू, झेंडू, नारळ. आरती. मग चालू. यंत्राला वर्षातून तेवढाच विसावा मिळतो, म्हणून आरती होईपर्यंत कुठलंही मशीन फिरू द्यायचं नाही, असा तिथला रिवाज होता. हात लिहीत गेला. आपण 'सर्व' असं लिहिलं, हे रावजींच्या लक्षात आलं नाही.

डायलिसिसच्या खोलीत आठ खाटा होत्या. बनाबाई खिडकीजवळच्या. सुयांच्या वर, दंडाशी, रावजींनी सवयीने तळहात ठेवला होता. थरथर नेहमीसारखी होती. बनाबाई शेजारच्या खाटेवरच्या बाईला पुरणात जायफळ किती घालायचं ते सांगत होत्या. मध्येच थांबल्या.

"गार लागतंय," त्या म्हणाल्या.

रावजींच्या हाताखालची थरथर मंदावली. मग जवळजवळ लागेनाशी झाली. बनाबाईंचे डोळे अर्धे मिटले, ओठ राखेच्या रंगाचे झाले. रावजी ओरडले नाहीत. त्यांना एवढंच जाणवलं की हे आपल्याला माहीत आहे, पंप बंद केल्यावर पाइपातला जोर असाच उतरत जातो. सिस्टर सुकन्या धावत आल्या, खाटेचा पायाकडचा भाग उचलला, सलाईन सोडलं, हाका मारल्या, "काकू, ओ काकू, डोळे उघडा." सहा मिनिटं गेली. मग हाताखाली आधी एक, मग दुसरी, मग सलग थरथर परत आली.

"जायफळ वाईचच घाला," बनाबाई शेजारणीला म्हणाल्या. मधलं त्यांना काही आठवत नव्हतं.

"होतं असं," सुकन्या म्हणाल्या. "बीपी एकदम खाली आलं. आठवड्यात दोघातिघांचं तरी येतंच." त्यांनी कागदावर वेळ लिहिली: १०.४१.

बनाबाईंना बहिणीच्या घरी सोडून रावजी दीड वाजता प्रयोगशाळेत पोचले. जिन्यातच झेंडूचा वास आला.

"तात्या, लई झ्याक झाली पूजा," भिमा म्हणाला. "अनिमेष सर सुट्टीवर, मॅडम फोनवर. मी एकट्यानंच केलं. तुमी लिव्हलं तसंच, एक गोष्ट सोडली न्हाय."

के-११च्या पंपावर कुंकवाची पाच बोटं होती आणि वर एक पिवळं फूल. पंप फिरत होता. रजिस्टरमध्ये भिमाने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: पूजेसाठी सर्व पंप बंद १०.४०. चालू १०.४६.

रावजी ती ओळ वाचत उभे राहिले. भिमाचं हसू हळूहळू गेलं. "काय चुकलं का, तात्या?"

"तुझं न्हाय," रावजी म्हणाले.

डॉ. पूर्वी आधी संतापल्या. सहा मिनिटं द्रव थांबलं होतं. प्रयोग वाया गेला असता. मग रावजींनी दवाखान्यातली वेळ सांगितली आणि त्यांचा आवाज खाली आला.

"डायलिसिसवर बीपी पडतं, तात्या."

"व्हय. सिस्टर बी त्येच म्हणाल्या."

"मग?"

"मग काय न्हाय." रावजी जारकडे पाहत नव्हते. "अठ्ठाविसाव्या दिवशी पंप कुणी बंद करायाचा?"

पूर्वींनी रजिस्टर मिटलं. "कामांच्या यादीत तुमचं नाव आहे."

त्यानंतरचे तेरा दिवस रावजींनी काम चोख केलं. फक्त ते संध्याकाळी सहाला निघेनासे झाले. साडेसात, आठपर्यंत बसायचे, पंपावर हात ठेवून. वीज गेली तर म्हणून बॅटरी रोज तपासायचे. तेविसाव्या दिवशी त्यांनी पूर्वींना विचारलं, चार दिवस वाढवता येतील का. पूर्वींनी त्यांना कागद दाखवले: काप कुठे पाठवायचे, कोण वाट पाहतंय. शिवाय थेंब आपोआप कमी होत होते, तासाला चार, तीन. आतल्या पेशी थकत चालल्या होत्या. "आपण नाही थांबवलं तरी ती आठवड्याभरात थांबेल," पूर्वी म्हणाल्या. हे ऐकून रावजींना बरं वाटायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा आणखी उतरला.

सत्ताविसाव्या दिवशी, सोमवारी, डायलिसिस आटोपून दोघं मोटारसायकलवर घरी निघाले. वाटेत एका टपरीवर रावजी चहाला थांबले. बनाबाईंना दिवसाला मोजून पाणी. त्या बशीतून दोन घोट घेत आणि उरलेला कप नवऱ्याकडे सरकवत.

"उद्या बंद करणार म्हनं," त्या म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

"भिमाच्या बायकूनं. तुमी कशाला सांगताय." त्या बशीवर फुंकर घालत होत्या. "तोंड का आसं झालंय तुमचं? पंधरा दिस बगतीय."

रावजींनी सांगितलं. वार, वेळा, शून्य, खंडेनवमी, दहा एक्केचाळीस. एकही आकडा गाळला नाही. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या ओढत दोन ट्रॅक्टर गेले, तोवर ते थांबले, मग उरलेलं सांगितलं. ऐकताना बनाबाईंचा हात डाव्या हाताच्या थरथरीवर गेला होता.

"म्हंजी ते बंद झालं की मी बी बंद?"

"मॅडम म्हणत्यात तसं काय नसतं."

"तुमी काय म्हणताय?"

रावजींनी हातातला कप टपरीच्या फळीवर ठेवला.

"मी उद्या बंद करणार न्हाय," ते म्हणाले. "सांगणार हाय मॅडमला. दुसऱ्या कुणाकडनं करून घ्या."

"आन् त्यो दुसरा कवा करंल, कसा करंल, ते कुणाला कळणार?" बनाबाईंनी बशी खाली ठेवली. "तुमी धुतलंय, तुमीच बंद करा. पर मी तितं आसणार. माझ्या माघारी माझं काय बंद करायाचं न्हाय."

"आन् काय झालं म्हंजी?"

"झालं तर झालं. शनवारचं लोणी कढवायचं ऱ्हायलंय, तेवढं कढवा. जाळू नका म्हंजी झालं." त्या उठल्या आणि साडी सावरून मोटारसायकलजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

मंगळवारी अकरा वाजता त्या आल्या तेव्हा जारशेजारी खुर्ची मांडलेली होती. खुर्चीजवळच्या टेबलावर रक्तदाब मोजायचं यंत्र आणि ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर होता. प्रयोगशाळेत या दोन्ही वस्तू आदल्या दिवसापर्यंत नव्हत्या. पूर्वींनी त्या वडिलांच्या दवाखान्यातून आणल्या होत्या. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि कोणी विचारलंही नाही.

"बसा, काकू."

बनाबाई बसल्या. माळ कोटाच्या आत सारली. जारमधली किडनी आता विटकरी झाली होती, खालच्या टोकाला थोडी काळपट. हिरव्या कापडाखाली काय चाललंय ते दिसत नव्हतं.

"करा," त्या म्हणाल्या आणि डावा हात पुढे केला.

रावजींनी डाव्या तळहाताखाली बनाबाईंच्या हातातली थरथर धरली. उजव्या हाताने त्यांनी डेअरीतल्या क्रमाने काम केलं. आधी येणाऱ्या द्रवाची खुंटी. मग पंपाचा वेग, एकेक आकडा खाली. पाच. चार. तीन. थरथर चालू होती. दोन. अनिमेष भिंतीला पाठ लावून उभा होता. एक. रावजींनी बटण दाबलं.

पंपाचा आवाज गेल्यावर खोली एवढी शांत होती हे सगळ्यांना प्रथमच कळलं. किडनीचा रंग उतरायला लागला, वरून खाली, कोणी आतून दिवे मालवत जावं तसा. पूर्वी तिकडे पाहत नव्हत्या. हे पाहण्यासाठी त्यांनी चार वर्षं घालवली होती, पण त्यांची नजर बनाबाईंच्या ओठांवर होती. बनाबाईंनी डोळे मिटले होते. रावजी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पाहत होते. एक मिनिट. दोन. तिसऱ्या मिनिटाला हाताखाली काहीतरी चुकल्यासारखं झालं, एक ठोका राहून गेल्यासारखं, आणि रावजींचा हात पंपाच्या बटणाकडे गेला.

"ऱ्हावू द्या," बनाबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

चार. पाच. थरथर तशीच होती. सहा. सात.

"हात सोडा आता," बनाबाई म्हणाल्या. "लोकं बगत्यात."

रावजींनी हात सोडला. बोटांचे ठसे बनाबाईंच्या मनगटावर पांढरे उमटले होते, ते हळूहळू भरून आले. पूर्वींनी रक्तदाब मोजला. एकशे तीस, ऐंशी. त्या एकदम खाली स्टुलावर बसल्या आणि हसल्या, मग हसणं थांबवून त्यांनी अनिमेषला खूण केली. अनिमेषने जार सोडवला. कापडासकट खालची नळी काढताना त्याने मान वळवली. रावजींनी रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, सही केली.

बनाबाई उठल्या. दोन पावलं दाराकडे गेल्या आणि थांबल्या. काहीतरी आठवायचा प्रयत्न करावा तशा उभ्या राहिल्या, एक हात ओटीपोटावर. मग त्या पूर्वींजवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या,

"बाई, हितं बाथरूम कुठं हाय?"

अनिमेष जार हातात धरून जागीच थांबला. आत आता फक्त राखाडी गोळा होता. रावजींच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

"चला," पूर्वी म्हणाल्या. "दाखवते."

ती खोली पॅसेजच्या टोकाला होती. बनाबाई आत गेल्या, कडी लागली. बाहेर पूर्वी उभ्या राहिल्या, मागून रावजी येऊन उभे राहिले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. आतून काही ऐकू येत नव्हतं. खाली एमआयडीसीच्या रस्त्याने एक ट्रक मागे मागे जात होता, त्याचा भोंगा बराच वेळ वाजत राहिला. तो थांबल्यावरही आत काही ऐकू आलं नाही. रावजींनी एकदा दाराकडे हात नेला आणि मागे घेतला.

बऱ्याच वेळाने कडी निघाली. बनाबाई पदर सारखा करत बाहेर आल्या. दोघं आपल्याच तोंडाकडे पाहताहेत हे त्यांना दिसलं. त्यांनी नजर खाली वळवली.

"उगंच वाटलं," त्या म्हणाल्या.

त्या जिन्याकडे निघाल्या. रावजी मागे होते. तिसऱ्या पायरीवर कठड्याला धरून त्या थांबल्या आणि मागे न वळता म्हणाल्या,

"पर वाटलं."